'ली' लावलं की झालं?



आज तुमच्याशी इंग्रजीतल्या क्रियाविशेषणांबद्दल बोलायचं आहे. विषय ऐकूनच काही जणांचा हात रेडिओच्या बटणाकडे गेला असेल. थोडं थांबा. मी व्याकरणाचा तास घ्यायला आलेले नाही. माझ्या हातून झालेली एक चूक सांगायला आले आहे, आणि ती चूक उलगडताना जे हाती लागलं तेही सांगणार आहे.

एका तालुक्याच्या गावी, मराठी शाळेत, मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. माझ्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून ते आलं २००० साली. म्हणजे दहावीपर्यंत मुलाच्या हाती जेमतेम सहा वर्षं. तेवढ्यात सगळं बसवायचं, म्हणून आम्ही शिक्षक तक्ते करून घेत असू. नाम, सर्वनाम, क्रियापदाची तीन रूपं, आणि आठवीत एक खास तक्ता: डावीकडे विशेषण, उजवीकडे क्रियाविशेषण. 'स्लो'चं 'स्लोली', 'क्विक'चं 'क्विकली', 'ब्रेव्ह'चं 'ब्रेव्हली'. खाली नियम चौकटीत: विशेषणाला 'ली' लावलं की क्रियाविशेषण तयार होतं. मुलांना हा तक्ता आवडायचा, कारण त्यात मार्क हमखास मिळत. मलाही आवडायचा, तपासायला सोपा म्हणून.

एका उन्हाळ्यात एक जुना विद्यार्थी घरी आला. आयटीआय झालेला, चार वर्षं एका वर्कशॉपमध्ये राबलेला. मोठ्या कारखान्यात मुलाखतीला जाऊन आला होता. खिशातून अर्जाची झेरॉक्स काढून म्हणाला, "बाई, यात चूक काय आहे तेवढं सांगा. साहेबांनी हे वाक्य मोठ्यानं वाचलं आणि तिघंही हसले."

वाक्य होतं: 'आय हॅव हार्डली वर्क्ड फॉर फोर इयर्स.' त्याला म्हणायचं होतं, 'मी चार वर्षं कष्टानं काम केलं आहे.' इंग्रजी वाचणाऱ्याला त्यातून कळलं, 'चार वर्षं मी काम असं फारसं केलेलंच नाही.'

मी त्याला सांगितलं, अरे, 'हार्डली' म्हणजे कष्टानं नव्हे, जेमतेम. इथं नुसतं 'हार्ड' हवं होतं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग जराही तक्रारीचा सूर न लावता म्हणाला, "पण बाई, आठवीच्या तक्त्यात 'हार्ड'च्या पुढं 'हार्डली'च लिहिलं होतं मी. तुम्ही बरोबरची खूण केली होती."

ती वही मला आठवत नव्हती. तक्ता मात्र लख्ख आठवत होता. 'हार्डली' हा शब्द इंग्रजीत आहे, क्रियाविशेषणही आहे, त्यामुळे खूण चुकीची नव्हती. पण अर्थ बदलतो हे सांगायचं राहून गेलं होतं, आणि एका वर्षी नव्हे, वर्षानुवर्षं. त्याला ती नोकरी मिळाली नाही. एका शब्दामुळे मिळाली नाही असं मी म्हणणार नाही, अर्ज पुष्कळ होते. पण तिघांचं ते हसणं माझ्या डोक्यातून जाईना.

मग मी ते वाक्य मराठीशी ताडून पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की त्यातली एकही गोष्ट त्या मुलानं निष्काळजीपणानं केलेली नव्हती. 'ली' लावलं ते माझ्या नियमाप्रमाणे. आणि तो शब्द क्रियापदाच्या आधी ठेवला तो मराठीप्रमाणे. आपण 'कष्टानं काम केलं' असंच म्हणतो, 'काम केलं कष्टानं' असं सहसा म्हणत नाही. दोन्ही ठिकाणी तो नियमानंच चालला होता, आणि अर्थ उलटा झाला.

आता 'ली'चंच पाहू. आपला माणूस 'शी सिंग्ज वेल' म्हणायच्या ऐवजी 'शी सिंग्ज गुड' का म्हणतो? याचं उत्तर इंग्रजीच्या पुस्तकात सापडत नाही, मराठीत सापडतं. आपण म्हणतो: मुलगा चांगला गातो, मुलगी चांगली गाते, पाखरू चांगलं गातं, मुली चांगल्या गातात. शब्द गाण्याच्या क्रियेबद्दल सांगतो आहे, पण लिंग-वचन घेतो गाणाऱ्याचं. म्हणजे काम क्रियाविशेषणाचं आणि अंगरखा विशेषणाचा. मराठी व्याकरणात म्हणूनच 'क्रियाविशेषण' आणि 'क्रियाविशेषण अव्यय' असा भेद करतात. 'चांगली गाते' यातलं 'चांगली' बदलतं, म्हणून ते अव्यय नव्हे. 'हळू गाते' यातलं 'हळू' कुणी गायलं तरी 'हळू'च राहतं, ते अव्यय. शाळेत आपण हा भेद परीक्षेपुरता पाठ करतो आणि सोडून देतो.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली निघालं. आपल्या शब्दांच्या आठ जाती इंग्रजी व्याकरणाच्या वळणानं मांडल्या गेल्या, आणि त्याचा उपयोगही झाला. पण खाने सारखे असले म्हणजे आतला मालही सारखाच, असा आमच्यासारख्या शिक्षकांचा समज झाला. ज्या मुलीनं जन्मभर 'मी चांगली गाते' म्हटलं, तिला 'चांगली' म्हणजे 'गुड' हेच ठाऊक. ती 'आय सिंग गुड' म्हणणारच.

आणखी एक गंमत पाहा. 'आईनं भाकरी चांगली केली.' चांगली काय, भाकरी की करणं? आपल्याला हा प्रश्न पडतच नाही, कारण दोन्ही एकच आहे. भाकरी चांगली झाली म्हणजे ती चांगली केली. इंग्रजी मात्र निवड करायला लावतं. भाकरी चांगली असेल तर 'गुड', करणं चांगलं असेल तर 'वेल'. आपल्याकडे 'शांतपणे', 'वेगानं', 'काळजीपूर्वक' अशी रूपं आहेतच, ती 'ली'च्या जवळची. पण रोजच्या बोलण्यात ती कमी. 'ती चांगलेपणानं गाते' असं म्हणून बघा, घरचे तोंडाकडे बघतील.

बरं, एकदा 'ली' शिकलं की पुढचा घोटाळा सुरू होतो. मग चहासुद्धा 'टेस्ट्स स्वीटली' होतो आणि नवरी 'लुक्स ब्यूटिफुली'. क्रियापदाच्या पुढचा शब्द म्हणजे क्रियाविशेषण, अशी मुलांची समजूत झालेली असते. मी नंतर वर्गात एक युक्ती सांगू लागले. क्रियापद काढून तिथं 'आहे' ठेवून बघा. चहा गोड लागतो, चहा गोड आहे. जमलं, तर 'ली' नको, 'स्वीट'च. नवरी सुंदर दिसते, नवरी सुंदर आहे, 'ब्यूटिफुल'च. पण 'तो हळू चालतो'चं 'तो हळू आहे' केलं तर ते भलतंच काही होतं. तिथं 'स्लोली'.

हे 'लुक' क्रियापद तर फार शिकवून जातं. 'ही लुक्ड अँग्री' म्हणजे तो रागावलेला दिसला. 'ही लुक्ड अँग्रीली ॲट मी' म्हणजे त्यानं माझ्याकडे रागानं पाहिलं. मराठीत 'दिसणं' आणि 'पाहणं' अशी दोन वेगळी क्रियापदं आहेत, इंग्रजीत एकच 'लुक'. कोणतं ते ठरवतं मागचं 'ली'. माझ्या वर्गात हे वाक्य फळ्यावर आलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करत, कारण दोन्ही प्रकारांचा अनुभव त्यांना माझ्याकडूनच असे.

आणि शेवटी 'ली' आहे म्हणजे क्रियाविशेषणच, असंही नाही. 'फ्रेंडली', 'लव्हली', 'लोन्ली', 'कॉस्टली' ही सगळी विशेषणं. 'तो मैत्रीनं बोलला' याला 'ही स्पोक फ्रेंडली' चालत नाही. 'इन अ फ्रेंडली वे' असा वळसा घ्यावा लागतो.

हे 'ली' आलं कुठून? जुन्या इंग्रजीत 'लिक' असा शब्द होता, त्याचा अर्थ शरीर, आकार. आजचं 'लाइक', म्हणजे 'सारखं', त्याच कुळातलं. त्यापासून '-सारखा' अशा अर्थाचा प्रत्यय झाला आणि झिजत झिजत 'ली' उरला. पण क्रियाविशेषण करण्याची त्याहून साधी रीतही तेव्हा होती. विशेषणाला शेवटी एक 'ए' जोडायचा. काही शतकांत तो 'ए' उच्चारातून गळाला आणि विशेषण व क्रियाविशेषण दिसायला एकच झाले. 'हार्ड', 'फास्ट', 'लेट' ही त्या जुन्या घरातली माणसं. म्हणून 'ही रन्स फास्ट', 'फास्टली' नाही. 'हार्ड', 'लेट', 'निअर', 'हाय' यांच्याजवळ 'ली'वाली रूपंही तयार झाली, पण आता त्यांचे अर्थ दुसरीकडे सरकले आहेत. 'लेट' म्हणजे उशिरा, 'लेटली' म्हणजे अलीकडे. 'निअर' म्हणजे जवळ, 'निअरली' म्हणजे जवळजवळ. 'हाय' म्हणजे उंच, 'हायली' म्हणजे अत्यंत. पतंग 'हाय' उडतो आणि माणूस 'हायली' शिकलेला असतो. 'हार्डली'चा किस्सा तर मी सांगितलाच.

वळणावर 'ड्राइव्ह स्लो' अशी पाटी असते. तिथं 'स्लोली' हवं, असं मला किती तरी पालकांनी ऐकवलं आहे, तेही मी इंग्रजीची शिक्षिका म्हणून मोठ्या अभिमानानं. पाटी चुकलेली नाही. 'स्लो' हेही जुन्या घरातलंच क्रियाविशेषण आहे. अठराव्या शतकात रॉबर्ट लोथ यांच्यासारख्या व्याकरणकारांना ही बिनप्रत्ययाची रूपं खटकू लागली. लोथ यांचं व्याकरण १७६२ चं. त्या मंडळींच्या पुस्तकांतून 'ली' नसेल तर अशुद्ध, असा समज शाळाशाळांत पसरला आणि तिथून आपल्याकडेही आला. रस्त्यावरच्या पाटीनं तो मानला नाही.

आता जागेबद्दल. 'आजोबा रोज सकाळी बागेत हळूहळू चालतात.' आधी केव्हा, मग कुठं, मग कसं, आणि शेवटी क्रिया. इंग्रजीत सांगायचं तर: 'ग्रँडफादर वॉक्स स्लोली इन द गार्डन एव्हरी मॉर्निंग.' आधी क्रिया, मग कसं, मग कुठं, मग केव्हा. आरशात पाहावं तसं उलट. मी हे फळ्यावर वरखाली लिहून रेघा जोडत असे. रेघा एकमेकींना छेदून जात, आणि मुलांना जे तीन महिन्यांत समजलं नव्हतं ते त्या फुलीतून समजे. 'केव्हा' हा भाग वाक्याच्या सुरुवातीला आणला तरी चालतं. पण क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मध्ये काही घुसवलेलं इंग्रजीला आवडत नाही. 'मला चहा फार आवडतो' याचं 'आय लाइक व्हेरी मच टी' होत नाही. आधी चहा, मग 'व्हेरी मच'. 'ऑल्वेज', 'ऑफन', 'नेव्हर' यांची जागा मात्र क्रियापदाच्या आधी, आणि 'इज', 'ॲम', 'आर' असेल तर त्याच्या नंतर. हे सवयीनं येतं, त्यावर जास्त बोलत नाही.

जास्त बोलायचं आहे ते 'ओन्ली'बद्दल. आपल्या 'च'सारखी सोय जगात थोड्या भाषांना असेल. मीच जाणार, आजच जाणार, पुण्यालाच जाणार, जाणारच. ज्या शब्दाला जोर द्यायचा त्याला 'च' चिकटवा, संशयाला जागाच नाही. हा 'च' आपण इंग्रजीत नेतो. 'मी इथंच आहे' म्हणजे 'आय ॲम हिअर ओन्ली'. 'आजच' म्हणजे 'टुडे इटसेल्फ'. बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं, पण आपल्याला वाक्यात 'च'ची जागा रिकामी बघवत नाही. इंग्रजी बोलणारा ते काम आवाजानं करतो, 'हिअर'वर जोर देऊन. लिहिताना आवाज नसतो, तिथं 'ओन्ली' कुठं बसवायचं हा प्रश्न येतो.

त्या विद्यार्थ्याचं आता स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. मोठं कोटेशन पाठवायचं असलं की फोनवर मला वाचून दाखवतो. एकदा त्यानं लिहिलं होतं, 'वुई ओन्ली रिपेअर पंप्स ॲट साइट.' मी त्याला विचारलं, म्हणजे फक्त दुरुस्ती करता, विकत नाही? की फक्त पंप दुरुस्त करता, मोटारी नाही? की फक्त जागेवर येऊन करता, वर्कशॉपमध्ये नाही? तो हसायला लागला. त्याला म्हणायचं होतं, जागेवर येऊन पंपच करतो, मोटारी वर्कशॉपमध्ये आणाव्या लागतील. मग आम्ही 'ओन्ली' उचलून 'पंप्स'च्या लगेच आधी ठेवलं. उद्या गिऱ्हाईक मोटार खोलून बसलं असतं, तर भाडं कुणी भरायचं?

याचा अर्थ प्रत्येक 'ओन्ली'च्या मागं काठी घेऊन लागावं असा नाही. फाउलर यांचा इंग्रजी वापरावरचा कोश १९२६ साली निघाला. इंग्रजीच्या बाबतीत अत्यंत काटेकोर माणूस. पण बोलण्याच्या ओघात 'ओन्ली' थोडं आधी आलं आणि अर्थाचा घोळ होत नसला, तर ते हलवू नये, हे त्यांनीच सांगून ठेवलं आहे. मला हे पटतं. कोटेशन, औषधाची सूचना, करार असेल तर 'ओन्ली' मोजून ठेवावं. गप्पांत राहू द्यावं.

जागा बदलली की अर्थ बदलतो याचं आणखी एक उदाहरण. 'शी स्पोक क्लिअरली' म्हणजे ती स्पष्ट बोलली. 'क्लिअरली' सुरुवातीला घेऊन पुढं स्वल्पविराम दिला, तर अर्थ होतो, ती बोलली हे उघडच आहे. आता तो शब्द तिच्या बोलण्याबद्दल नाही, बोलणाऱ्याच्या मताबद्दल आहे, आपल्या 'सुदैवानं' किंवा 'अर्थातच'सारखा. 'होपफुली' हा शब्द असा वापरावा की नाही, यावर अमेरिकेत अनेक वर्षं वाद चालला. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या लेखननियमांत त्याला २०१२ साली मान्यता मिळाली. त्यांचाही 'ली' त्यांना सुखानं झोपू देत नाही, हे ऐकून माझ्या वर्गातल्या मुलांना फार बरं वाटलं असतं.

'टू' आणि 'व्हेरी' यांच्याबद्दल दोन शब्द. आपली कॉलेजची मुलं चांगल्या सिनेमाला 'टू गुड' म्हणतात. आपसांत ठीक आहे. पण 'टू' म्हणजे 'खूप' नव्हे, 'जास्तच'. 'द टी इज व्हेरी हॉट' म्हटलं तर चहा खूप गरम आहे, कदाचित तसाच हवा असेल. 'टू हॉट' म्हटलं तर तो पिता येत नाही. पाहुणे म्हणून गेलेल्या घरी यजमानीणबाईंच्या स्वयंपाकाला 'टू स्पायसी' म्हणण्याआधी हा फरक आठवावा.

सर्वांत शेवटी माझा आवडता शब्द, 'अजून'. मराठीत हा एकच शब्द किती कामं करतो पाहा. 'तो अजून झोपला आहे.' 'तो अजून आला नाही.' 'अजून भात वाढ.' इंग्रजीत पहिल्याला 'स्टिल', दुसऱ्याला 'यट', तिसऱ्याला 'मोर'. जे चालूच आहे त्याला 'स्टिल', जे व्हायचं राहिलं आहे त्याला 'यट', आणि भर घालायची असेल तर 'मोर'. आपल्याला हे तिन्ही एकच वाटतात, कारण तिन्हींत काही तरी संपलेलं नाही. शब्दकोशात 'अजून'पुढं हे तिन्ही शब्द ओळीनं दिलेले असतात, आणि मूल त्यातला पहिला उचलतं. 'गिव्ह मी स्टिल राइस' हे वाक्य मी पेपरात वाचलेलं आहे. त्याला मी शून्य दिलं होतं. आज दिलं नसतं. अर्धा मार्क तरी दिला असता, आणि समासात 'चालू, राहिलेलं, भर' असे तीन शब्द लिहिले असते.

माझी वेळ संपत आली. घरी करून बघायला एक वाक्य देते: 'पोटभर जेवला, तरी तो अजूनही अजून मागतो आहे.' मुलांना विचारा, दोन 'अजून'चं इंग्रजी काय करणार? आणि 'पोटभर जेवला' यातल्या 'पोटभर'ला 'ली' लावता येतं का, तेही विचारा. मी प्रयत्न केला, मला जमलं नाही.

नमस्कार.